मंडळात ‘अप्रतिम’, अंकाकडून ‘साभार परत’

‘ताई, सप्रेम नमस्कार.

मी पतसंस्थेत नोकरी करते, वय ४७. आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही आठ-नऊ हौशी लेखक जमतो. ज्याची कथा तयार असेल त्याने ती वाचून दाखवायची, मग चहा, असं तीन वर्षं चाललंय. माझ्या प्रत्येक कथेला “अप्रतिम”, “काळजाला भिडली” हेच ऐकत आले. दिवाळी अंकांना पाठवलेली एकही कथा मात्र छापून आली नाही. काही साभार परत आल्या, काहींचं उत्तरसुद्धा नाही.

त्यात मार्चमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा मंडळात आला. स्वतःचं अजून काही वाचलं नव्हतं त्याने. आमच्यातले ज्येष्ठ एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतो. सरांची कथा वाचून झाल्यावर हा म्हणाला, “सर, शेवट मला पहिल्याच पानावर कळला. आणि कथा फार जुन्या वळणाची वाटते.” खोलीत एकदम शांतता. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले. त्यानंतर सर येत नाहीत, मुलगाही येत नाही. मंडळात एक वहिनी आहेत, यजमान गेल्यापासून त्यांच्या आठवणींवरच लिहितात. त्या तर आता वाचायलाच घाबरतात.

मला मनातून त्या मुलाचं पटलं होतं. सरांच्या एसटी डेपोवरच्या म्हाताऱ्याची कथा मला अजून आठवते, पण ही नव्हती जमली. मी गप्प बसले. आता वाटतं, मलाही सगळे खोटंच सांगत होते का? खरं बोलावं तर माणसं दुरावतात, न बोलावं तर जमायचं कशाला? माझी कथा सोबत पाठवते. माझ्यात काही आहे का, एवढं सांगाल?

– एक हौशी लेखिका, सांगली जिल्हा’

नमस्कार.

‘माझ्यात काही आहे का?’ हा प्रश्न ज्योतिषाकडे न्यायचा. माझ्याकडे तुम्ही कथा पाठवली आहे, तर मी कथेबद्दल बोलेन, आणि तेही सगळ्यात शेवटी. आधी तुमच्या मंडळाचं बघू.

तुमची मंडळी तीन वर्षं खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. ती काही बोलतच नव्हती. ‘अप्रतिम’, ‘सुरेख’, ‘डोळ्यांत पाणी आणलंत’, ‘पुलेशु’ (पुढील लेखनास शुभेच्छा) ही आहेराची पाकिटं आहेत. आज मी तुम्हाला दिलं, पुढच्या महिन्यात माझ्याकडे कार्य निघालं की तुम्ही मला द्याल. आत किती आहे ते चारचौघांत कोणी उघडून बघत नाही. त्यात लबाडी नाही, रीत आहे. उंटाच्या लग्नात गाढवं गातात आणि ‘अहो रूपम्, अहो ध्वनिः’ म्हणत एकमेकांना वाखाणतात, तो श्लोक आपण नेहमी दुसऱ्यांच्या मंडळाबद्दलच म्हणतो.

अडचण एवढीच, की त्या कौतुकाचं घरी जाऊन काही करता येत नाही. पुढच्या कथेत नेमकं काय पुन्हा साधायचं, ते ‘अप्रतिम’मधून कसं कळणार? तुमच्या या कथेत पाट्याला टाकी लावणारी, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने टोचून पुन्हा खरखरीत करून देणारी बाई आहे. मजुरीचे पैसे दोनदा मोजून पदराच्या गाठीला बांधते आणि मगच पाणी मागते. ‘तिथे मला ती बाई डोळ्यांसमोर दिसली,’ असं कोणी म्हणालं असतं, तर ते कौतुक तुमच्या उपयोगाचं होतं. तुम्हाला कळलं असतं की तुमची नजर कुठे चालते. शाबासकीसुद्धा टीकेइतकीच बारकाईने द्यावी लागते, आणि ती द्यायला टीकेपेक्षा जास्त कष्ट पडतात. दोष कोणालाही दिसतो. कथेतली चांगली जागा बोट ठेवून दाखवायची तर कथा लक्ष देऊन वाचावी लागते.

आता सर. त्या मुलाच्या बोलण्याने ते दुखावले, असा तुमचा समज दिसतो. मला शंका आहे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने संस्थाचालकांची, पालकांची, शिक्षणाधिकाऱ्यांची बोलणी वर्षानुवर्षं ऐकलेली असतात. कालच्या पोराच्या एका वाक्याने तो अंथरूण धरत नाही. पण त्या वाक्यानंतर जी शांतता झाली, तिच्यात त्यांना कळलं असणार की बाकीच्यांनाही शेवट पहिल्याच पानावर कळला होता. कदाचित याआधीच्या कथांचाही कळत होता. तीन वर्षांत मिळालेली सगळी पाकिटं त्या अर्ध्या मिनिटात उघडली गेली. वर तुम्ही सगळे मुलावर तुटून पडलात, त्याने तर खात्रीच पटली असेल. कथेची बाजू कोणी घेतलीच नाही. सगळ्यांनी सरांच्या वयाची बाजू घेतली.

आणि तो मुलगा अर्धा बरोबर होता. त्याची दोन वाक्यं नीट वेगळी करून बघा. ‘शेवट मला पहिल्याच पानावर कळला’ हे त्याने स्वतःचं सांगितलं. वाचताना त्याचं काय झालं ते. त्यावर वाद घालता येत नाही, आणि सरांना त्याचा उपयोगही आहे: पहिलं पान काढायचं आणि कुठल्या वाक्याने चाहूल दिली ते शोधायचं. ‘जुन्या वळणाची वाटते’ हा मात्र निकाल. त्याचं सरांनी काय करायचं? वळण जुनं असणं हा काही गुन्हा नाही, जुन्या वळणाच्या उत्तम कथा आजही लिहिल्या जातात. पहिलं वाक्य म्हणून तो थांबला असता, तर सर कदाचित पुढच्या रविवारी सुधारलेली कथा घेऊन आले असते.

माझं सगळं म्हणणं त्या दोन वाक्यांमधल्या फरकात आहे. एकमेकांना खरं सांगावं की गोड, हा तुमचा पेच मुळात चुकीच्या जागी आहे. आपलं काय झालं ते सांगावं. कुठे रमलो, कुठे गोंधळलो, दोन पात्रांची नावं कुठे एकमेकांत मिसळली, कुठे पानं चाळून ‘अजून किती आहे’ ते बघितलं. निकाल द्यायचा नाही. आणि, हे जास्त महत्त्वाचं, दुरुस्तीही सुचवायची नाही. ‘मी असतो तर नायिकेला माहेरी पाठवलं नसतं’ असं म्हणणारा माणूस तुमच्या कथेवर स्वतःची कथा लिहायला बसलेला असतो. आठ जणांनी आठ शेवट सुचवले, की लेखक घरी जाऊन नववा लिहितो आणि तो कोणाचाच नसतो.

पूर्वी हे काम बऱ्याच अंशी संपादक करत. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं. तिथे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवख्या लेखकांनाही सविस्तर पत्रं लिहायचे, चर्चा करायचे, कथा पुन्हा लिहायला लावायचे. कोणती जागा फसली आहे ते लेखकाला कळायचं. रागवायचं की पुन्हा बसायचं हे त्याने ठरवायचं. आज दिवाळी अंकाकडून ही अपेक्षा ठेवू नका. मोजके मोठे अंक सोडले, तर बरेचसे अंक दोन-चार माणसं नोकरीधंदा सांभाळून, जाहिरातींसाठी वणवण करत काढतात. अशा एका अंकासाठी मी काही वर्षं आलेल्या कथा वाचल्या आहेत. गठ्ठा समोर असतो, छपाईची तारीख डोक्यावर असते, दुसऱ्या पानापर्यंत कथेने हात धरला नाही तर ती बाजूला जाते आणि पत्र लिहायला कोणाला सवड नसते. (कथेच्या पहिल्याच पानावर पाऊस, आरसा किंवा गजराचं घड्याळ असेल, तर अशा कथांचा एक स्वतंत्र गठ्ठा होतो, एवढं मी स्वानुभवावरून सांगू शकते.) तुमच्या कथेला उत्तर आलं नाही यात तुमचा अपमान नाही. पण कथा का नाकारली हे सांगणारं माणूस आता तिथे नाही, तर ते आठवड्या-महिन्याला भेटणाऱ्या सोबत्यांमध्येच शोधावं लागणार. मंडळाचा खरा उपयोग तो.

मंडळं आपल्याकडे नवी नाहीत. पुण्यात १९२३ च्या सुमारास रविकिरण मंडळाचे कवी रविवारी चहाला जमायचे, एकमेकांच्या कविता ऐकायचे, मंडळाच्या नावाने पुस्तकंही काढायचे. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश ही नावं त्यातूनच घरोघरी गेली. आणि दोन वर्षांत, १९२५ मध्ये, अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ आली आणि त्यातल्या विडंबनांनी याच कवींच्या लकबींची यथेच्छ खिल्ली उडवली. आपलं माणूस जे बोलत नाही, ते कधी ना कधी बाहेरचा बोलतो, आणि तो चहा पाजून बोलत नाही.

आता प्रत्यक्ष काय बदलायचं. मला विचाराल तर सगळ्यात आधी कथा वाचून दाखवणं कमी करा. कथाकथनाचं वेड आपल्या रक्तात आहे. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाला गावोगाव गर्दी लोटायची. पण आवाज कथेला सांभाळून घेतो. सर आयुष्यभर वर्गात बोललेले. त्यांनी वीजबिल वाचलं तरी माणसं माना डोलावतील. संपादकाच्या टेबलावर सरांचा आवाज जात नाही, नुसता कागद जातो.

म्हणून महिन्याला दोनच कथा घ्या आणि त्यांच्या झेरॉक्स आठवडाभर आधी वाटा. प्रत्येकाने हातात पेन्सिल घेऊन वाचायचं. वाक्य परत वाचावं लागलं तर त्याखाली रेघ. आवडून थांबलो तिथे बरोबरची खूण. डोळे पुढे पळायला लागले तिथे समासात उभी रेघ. कारण लिहायची गरज नाही. रविवारी सगळ्या प्रती लेखकाच्या हातात परत. त्याने त्या घरी नेऊन शेजारी शेजारी मांडल्या, की पाच जणांची उभी रेघ एकाच परिच्छेदापाशी आलेली दिसते. तिथे कोणी कोणाला दुखवायचा प्रश्नच येत नाही. एकाच प्रतीवर रेघ असेल तर सोडून द्यावी. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे आले असतील.

वाचून दाखवल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर लेखकाने वाचू नये, दुसऱ्याने वाचावी. तो कुठे अडखळतो ते लेखकाने ऐकावं. संवादांचं सोंग तर तिथल्या तिथे उघडं पडतं. कागदावर खपून गेलेली ‘मी आता निघण्याच्या विचारात आहे’ म्हणणारी भाजीवाली दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, की सगळी खोली हसते.

बोलण्याची सुरुवात मंडळातल्या सगळ्यात नव्या माणसाने करावी. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे मान हलवून त्यांच्याच वाटेने जातात. चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसावं. ‘नाही, मला तिथे असं म्हणायचं होतं की...’ हे वाक्य बंद! याला सगळ्यात जास्त विरोध होणार, आत्ताच सांगून ठेवते. पण अंक विकत घेणाऱ्या वाचकाच्या घरी जाऊन तुम्ही हे समजावणार आहात का? जे सांगायचं होतं ते कागदावर उतरलं नसेल, तर ते कथेत नाही. आणि जो दुसऱ्याच्या कथेवर बोलतो, त्याने चार-सहा महिन्यांत स्वतःची एक तरी कथा टेबलावर ठेवायची. फुकटचे परीक्षक नकोत.

हे सगळं सरसकट प्रत्येकावर लादू नका मात्र. त्या वहिनींच्या कागदावर पेन्सिल चालवायची नाही. यजमानांच्या आठवणी लिहिणाऱ्या बाईला संपादक नको असतो, ऐकणारं माणूस हवं असतं, आणि वाचनालयाच्या त्या खोलीत ते मिळत असेल तर तीन वर्षांत तेवढं एक काम तरी मंडळाने चोख केलंय. कथा देतानाच वर कोपऱ्यात लिहायला सांगा: ‘खुणा हव्यात’ किंवा ‘नुसतं वाचा’. उद्या वहिनींनाच वाटलं तर त्या आपणहून खुणा मागतील. ज्यांना छापून यायचंच नाही, रविवारचे दोन तास बरे जावेत एवढीच ज्यांची इच्छा आहे, त्यांनाही मंडळात जागा असू द्या. सगळ्यांनाच सुधारायचं नसतं. तुम्हाला सुधारायचंय, म्हणून तुम्ही हे पत्र लिहिलंत.

सरांकडे तुम्हीच जा. फोनवर नको, घरी जा. त्या मुलाच्या वतीने माफी मागू नका, ‘सर, तुमची कथा छानच होती’ असंही म्हणू नका, कारण तुम्हाला ती छान वाटली नव्हती. डेपोवरच्या म्हाताऱ्याबद्दल बोला. तो म्हातारा तुमच्या अजून लक्षात आहे हे तुम्ही मला कळवलंत. सरांना कधी सांगितलंत का? पत्रावरून तरी दिसत नाही. त्या कथेत काय लक्षात राहिलं ते आठवून, नेमकं सांगा. मग पिशवीतून स्वतःची कथा काढा आणि म्हणा, ‘सर, जिथे कंटाळा आला तिथे रेघ मारून द्या.’ आयुष्यभर वह्या तपासलेला माणूस हातात आलेला कागद तसाच परत करत नाही. ते तुमचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतील, विरामचिन्हं सुधारतील, कदाचित एखाद्या वाक्यापुढे ‘अस्पष्ट’ लिहितील. सुधारू द्या. शुद्धलेखन बिघडलेली कथा संपादक आधीच कपाळाला आठ्या घालून वाचतो, म्हणजे तेही काम झालंच. आणि आपल्या कागदावरच्या खुणांना भ्यायचं नसतं, हे सरांना कोणी वेगळं सांगायची गरज उरणार नाही.

त्या मुलालाही निरोप पाठवा. ‘तुझं पहिलं वाक्य मला पटलं होतं, तेव्हा बोलले नाही’, एवढं पुरे. आणि येताना स्वतःची कथा घेऊन ये म्हणावं.

आता तुमची कथा. वर सांगितलं तेच पाळते. माझं काय झालं ते सांगते.

‘आभाळ भरून आलं होतं. बाहेरच्या पावसापेक्षा सुमनच्या मनातलं वादळ मोठं होतं.’ इथून माझे डोळे पुढे पळाले. पाऊस, वादळ, खिडकी, जुना वाडा पाडल्याची हकिगत असं करत दोन पानं गेली. तिसऱ्या पानावर खालच्या मजल्यावरच्या बाई दारात येऊन विचारतात, ‘वहिनी, रोज सकाळी सहाला तुमच्याकडे काय वाजतं हो?’ तिथे मी सावरून बसले. फ्लॅटमध्ये पाट्यावर चटणी वाटणारी सून, खाली हादरणारं छत, आणि मिक्सर असताना हिला हे का करायचंय हे कोणालाच, बहुधा तिलाही, धड सांगता येत नाही. तिथून पुढे टाकीवालीपर्यंत मी पेन्सिल उचललीसुद्धा नाही.

मग हे वाक्य आलं: ‘टाकी लावल्यावर पहिले मूठभर तांदूळ वाटून फेकून द्यायचे, नाहीतर चटणीत कच येते, हे सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, सगळ्यांच्या दातांखाली आल्यावर कळलं.’ याच्यापुढे मी दोन वेळा बरोबरची खूण केली. सासूला माहीत होतं आणि तिने मुद्दाम सांगितलं नाही. पंगत बसली, घास तोंडात गेला, आणि नव्या सुनेची फजिती झाली. एका वाक्यात दोन्ही बायका उभ्या राहिल्या, आणि तुम्ही ते चिडून किंवा रडून सांगितलं नाहीत.

शेवटच्या परिच्छेदात सुमन पाट्यावरून हात फिरवते: ‘तो नुसता दगड नव्हता, त्या सासूबाईंच्या मायेच्या आठवणी होत्या.’ इथे मी पुरती गोंधळले. कुठली माया? कच खायला लावणारी? मागची दोन पानं काढून पुन्हा वाचली, मला तिथे माया सापडली नाही. राग सापडला, चुरस सापडली, सासूबाई गेल्यावरही त्यांच्याशी चाललेलं भांडण सापडलं, आणि ते सगळं मायेपेक्षा कितीतरी वाचनीय होतं.

दिवाळी अंकांचं साहित्य साधारण जून-जुलैत मागवतात, त्यामुळे हाताशी वेळ बघून कथा पुन्हा काढा. तो परिच्छेद कागदाने झाका, मधली पानं एकदा मोठ्याने वाचा, आणि मला एवढंच कळवा: सुमनला सासूबाई आवडायच्या का हो?